प्लॅन शंभरचा, स्पीड साडेतीनचा!

स्पीड टेस्ट म्हणते सगळं ओके, कस्टमर केअर म्हणतं प्लॅन वाढवा आणि बॉस म्हणतो पुण्याला परत या! या तिघांच्या भांडणात खरं कोण बोलतंय, हे शेवटी सांगितलं एका गणिताच्या सूत्राने. तेही वर्ध्यात, मामीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून...

रात्रीचे साडेअकरा. वर्ध्यातल्या मामाच्या घरात सगळीकडे सामसूम. फक्त ताईच्या खोलीत लॅपटॉपचा निळा उजेड. स्क्रीनवर हिरवी पट्टी इंच इंच पुढे सरकत होती. ७७... ७८... ७९... आणि टण्ण! ‘अपलोड फेल्ड’.

‘‘बघ, म्हणाले होते ना? बरोब्बर ऐंशीला मरतंय,’’ ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

बाहेरून मामीचा आवाज, ‘‘अगं, झोपून राहा ना आता! काय त्या मशीनकडे पाहून राहिली दोघी?’’

ताई म्हणजे माझी मामेबहीण. पुण्याच्या एका कंपनीत डिझाइनर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वर्ध्याला आली ती इथेच राहिली. मामा गेल्यापासून मामी एकटीच. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कंपनीनेही समजूतदारपणे ‘तिथूनच काम कर’ म्हटलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात गडबड सुरू झाली. दोन जीबीच्या फाइल्स वेळेवर पुण्याला पोचेनात. मॅनेजरने दोनदा गोडीत सांगितलं आणि तिसऱ्यांदा मेल केला. महिनाअखेरपर्यंत नेटचा प्रॉब्लेम सोडवा, नाहीतर पुण्याला येऊन ऑफिस जॉइन करा. म्हणजे काय? तर मामीला एकटं सोडा, नाहीतर नोकरी सोडा!

मी त्या आठवड्यात वर्ध्यात होते ते सेवाग्रामवर एक फीचर करायला. फ्रीलान्सरला काय, विषय मिळेल तिथे मुक्काम. पण सेवाग्राम राहिलं बाजूला आणि मी भलत्याच विषयात अडकले. मंडळी, आधीच सांगते, गणित आणि मी यांचं दहावीनंतर जमलेलं नाही. मास कॉम घेण्यामागे तेही एक कारण होतंच. तरीही हा लेख गणितावर आहे. प्लीज, पान उलटू नका!

शंभर एमबीपीएस गेले कुठे?

ताईचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. घरात फायबर आलेली. स्पीड टेस्ट लावली की काटा पंच्याण्णवच्या पुढे. मग दोन जीबीची फाइल जायला किती वेळ लागावा? दोन जीबी म्हणजे सोळा हजार मेगाबिट. शंभरने भागा. १६० सेकंद, फार तर तीन मिनिटं. प्रत्यक्षात काय? एक तास होतो, ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा लॉगिन मागतं आणि तोपर्यंत फाइल ऐंशी टक्क्यांवर पोचलेली असते. सगळं मुसळ केरात!

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलला, ‘‘मॅडम, स्पीड तर फुल येतोय. आपण तीनशेचा प्लॅन घेऊन बघा.’’ ताई कार्ड काढणार, इतक्यात तिला तिच्या इंजिनीअरिंगच्या दिवसांतलं एक सूत्र आठवलं. डिझाइनर व्हायच्या आधी ती कॉम्प्युटर इंजिनीअर झाली होती, ते मी विसरलेच होते. म्हणाली, ‘‘थांब. पैसे भरायच्या आधी हिशेब करू.’’

पण हिशेबाच्या आधी पाकिटाची गोष्ट.

सेगाव की शेगाव?

इंटरनेटवर फाइल अख्खी जात नाही. तिचे तुकडे होतात. एकेका तुकड्यात साधारण १४६० बाइट. त्यावर पत्ता, नंबर आणि निघाला तुकडा प्रवासाला. याला म्हणतात पॅकेट. आपलं साधं पाकीट हो! पलीकडचं कॉम्प्युटर पाकीट मिळालं की पोच पाठवतं. पोच आली नाही तर इकडून तेच पाकीट पुन्हा जातं. पोस्टाच्या रजिस्टर्ड पत्रासारखा कारभार.

आणि पाकीट हरवणं म्हणजे काय, हे वर्ध्याइतकं कोणाला कळणार? गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावात राहायला आले, त्याचं नाव होतं सेगाव. पण विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं शेगावही आहे. त्यामुळे पत्रांचा गोंधळ व्हायला लागला. देशभरातून आलेली टपाल पिशवी भलत्याच गावी! शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदललं. सेगावचं झालं सेवाग्राम. आज आपण ते नाव केवढ्या आदराने घेतो, पण ते बदलण्यामागे एक कारण इतकं साधं होतं, की पाकिटं हरवत होती.

इंटरनेटवर पाकिटं बहुतेक वेळा पत्ता चुकला म्हणून हरवत नाहीत. एक तर रस्त्यात गर्दी झाली म्हणून फेकली जातात, नाहीतर वायर किंवा सिग्नल खराब असला की रस्त्यातच फाटतात. हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवता येतं, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते त्यानंतर.

चारशे यार्डांचा ट्रॅफिक जॅम

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिथलंच बर्कले विद्यापीठ. दोघांमधलं अंतर जेमतेम चारशे यार्ड. म्हणजे वर्ध्यात घरून निघून कोपऱ्यावरून गोरस पाक घेऊन परत यावं इतकं. या दोन ठिकाणांमधला डेटाचा वेग एक दिवस सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. चाळीस! म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. फाइल प्रिंट करून चालत नेऊन दिली असती तरी लवकर पोचली असती.

झालं काय होतं? रस्ता भरला, पाकिटं हरवली. हरवली म्हणून सगळ्या कॉम्प्युटर्सनी ती पुन्हा पाठवली. त्यामुळे रस्ता आणखी भरला. सिग्नल बंद पडलेल्या चौकात सगळ्यांनी एकदम गाडी घातली की जे होतं, तेच.

तिथल्या व्हॅन जेकबसन या संशोधकाने मग १९८८ मध्ये उपाय मांडला. आज जगातली बहुतेक कॉम्प्युटर्स ज्या शिस्तीने वागतात तिचं मूळ त्यात आहे. नियम सापशिडीसारखा आहे. एका फेरीत जेवढी पाकिटं पाठवली त्या सगळ्यांची पोच आली, तर पुढच्या फेरीत एक जास्त पाठवा. शिडी चढा, पण एकेक पायरी. आणि एक जरी पाकीट हरवलं, तर समजा की रस्त्यात गर्दी आहे आणि वेग एकदम निम्म्यावर आणा. साप!

किती सभ्य नियम आहे बघा. कोणी पोलीस नाही, कोणी दंड करत नाही. प्रत्येक कॉम्प्युटर आपणहून मागे सरतं. पुण्याच्या चौकांत हा नियम लागू करता आला असता तर...

पण या सभ्यपणात एक गोची आहे. पाकीट गर्दीमुळे हरवलं की खराब वायरमुळे, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. तो बिचारा प्रत्येक वेळी गर्दीच समजतो आणि ब्रेक मारतो. रस्ता मोकळा असला तरी!

त्यातला ‘पी’ आपला!

आता सूत्र. घाबरू नका, मलाही कळलं म्हणजे कोणालाही कळेल. ताईने वहीचं पान फाडलं आणि मला असं समजावलं.

समज, एका फेरीत सोळा पाकिटं जाऊ लागली की एक हरवतं. वेग निम्मा, म्हणजे आठवर. मग नऊ, दहा, अकरा करत पुन्हा सोळावर यायला आठ फेऱ्या. सरासरी फेरीला बारा पाकिटं. आठ गुणिले बारा, ९६. म्हणजे शंभरेक पाकिटांमागे एक हरवलं तर तू फेरीला सरासरी बाराच पाकिटं पाठवू शकतेस.

‘‘आता मला दुप्पट वेग हवाय. फेरीला चोवीस,’’ ती म्हणाली, ‘‘मग शिडी सोळापासून बत्तीसपर्यंत हवी. सोळा फेऱ्या, सरासरी चोवीस. किती झाले?’’

‘‘३८४.’’

‘‘म्हणजे वेग दुप्पट हवा तर पाकिटं हरवायचं प्रमाण निम्मं होऊन चालत नाही, पावपट व्हावं लागतं. दहापट वेग हवा तर शंभरावा हिस्सा. हेच ते वर्गमूळ.’’

बॉस, दहावीनंतर पहिल्यांदा वर्गमूळ कशाला असतं ते कळलं!

हे सूत्र मॅट मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. साध्या मराठीत असं : पाकिटाचा आकार भागिले एका फेरीला लागणारा वेळ, गुणिले १.२२, भागिले हरवण्याच्या प्रमाणाचं वर्गमूळ. आलं उत्तर म्हणजे तुमच्या एका कनेक्शनला मिळू शकणारा वेग.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, चौघांनी मिळून ते आणखी पक्कं केलं. जितेंद्र पाध्ये, व्हिक्टर फिरोयू, डॉन टाउजली आणि जिम कुरोस. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पाध्ये तेव्हा पीएच.डी. करत होते. पाकिटं फारच हरवायला लागली तर कॉम्प्युटर नुसतं निम्म्यावर येत नाही. ते काही काळ हातावर हात ठेवून पोचेची वाट बघत बसतं आणि मग एका पाकिटापासून पुन्हा श्रीगणेशा करतं. हा बसून राहण्याचा वेळ जुन्या सूत्रात धरलेला नव्हता, तो यांनी धरला. आणि नुसतं कागदावर थांबले नाहीत. इंटरनेटवरच्या खऱ्याखुऱ्या कनेक्शन्सची मोजणी करून सूत्राशी ताडून पाहिली. चौघांच्या आडनावांवरून या मॉडेलला म्हणतात ‘पीएफटीके’. त्यातला ‘पी’ म्हणजे पाध्ये! आडनाव वाचून माझी मराठी कॉलर आपोआप ताठ झाली. आपण सगळे ज्यावर कॉल करतो, सिनेमे बघतो, त्या जाळ्याच्या अभ्यासातला सगळीकडे वापरला जाणारा हा पेपर. पुढे व्हिडिओसारखा डेटा इतरांना त्रास न देता कसा पाठवावा, याचा इंटरनेटचा अधिकृत नियम २००३ मध्ये लिहिला गेला, तोही याच समीकरणाच्या आधाराने.

सूत्रात जे नाही ते

आता ताईची केस. तिने रात्रभर पुण्याच्या सर्व्हरला ‘पिंग’ लावून ठेवलं. पिंग म्हणजे ‘आहेस का रे?’ असं विचारणारं छोटंसं पाकीट. सेकंदाला एक. सकाळी हिशेब : जाऊन यायला सरासरी ४० मिलिसेकंद आणि दर हजारांतली दहा पाकिटं गायब. म्हणजे एक टक्का.

एक टक्का म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं. शंभरातले नव्व्याण्णव पास झाले की आपण पेढे वाटतो. ताईने आकडे सूत्रात घातले. १४६० बाइट म्हणजे ११,६८० बिट. त्याला १.२२ ने गुणलं. ०.०४ सेकंदांनी भागलं. एक टक्क्याचं वर्गमूळ म्हणजे ०.१, त्याने भागलं. उत्तर : साधारण साडेतीन एमबीपीएस.

शंभर नाही, साडेतीन!

आणि या वेगाने दोन जीबीची फाइल जायला किती वेळ? सव्वा तास. व्हीपीएन तासाला तुटतं. तासाभरात सव्वा तासाचं काम किती होणार? ऐंशी टक्के! रोज रात्री जिथे पट्टी मरत होती, बरोब्बर तोच आकडा वहीच्या पानावर आला होता. खरं सांगते, अंगावर काटा आला.

मग स्पीड टेस्ट खोटं बोलत होती का? नाही. तीही खरंच बोलत होती, पण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होती. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी बोलते. इथे तो नागपूरला, जाऊन येऊन पाचेक मिलिसेकंद. फेरी लहान, म्हणून त्याच सूत्राने एका कनेक्शनला २८ एमबीपीएस. शिवाय ती एकाच वेळी अनेक कनेक्शन्स उघडते. चार-पाच झाली की शंभरी गाठली. ताईची फाइल मात्र एकाच कनेक्शनने, आठपट लांब फेरी मारत पुण्याला जात होती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ताईने शेवटी दाखवली. ‘‘सूत्र नीट बघ. पाकिटाचा आकार आहे, फेरीचा वेळ आहे, हरवण्याचं प्रमाण आहे. माझ्या प्लॅनचा आकडा कुठे आहे?’’

कुठेच नव्हता. शंभरचा प्लॅन तीनशेचा केला असता, हजारचा केला असता, तरी फाइल साडेतीननेच गेली असती!

खिडकीतली मुरड

मग सुरू झाली शोधमोहीम. आधी लॅपटॉप वाय-फायवरून काढून थेट वायरने राउटरला जोडला आणि घरातल्या राउटरलाच पिंग केलं. हजारात हजार पास. म्हणजे घर निर्दोष. मग कंपनीच्या पहिल्या टप्प्याला पिंग. हजारांत दहा गायब. म्हणजे चोर घर आणि गल्लीतल्या डब्याच्या मध्येच कुठेतरी.

हे आकडे लिहून ताईने तक्रार टाकली. ‘नेट स्लो आहे’ असं नाही. ‘पहिल्या टप्प्यावर एक टक्का पॅकेट लॉस आहे, घरात शून्य आहे’ असं. फरक बघा. ‘नेट स्लो’ला उत्तर येत होतं ‘राउटर बंद करून चालू करा’. आकड्यांना उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस आला.

तो आला, मशीन लावलं, वायर हाताने चाचपत खिडकीपाशी गेला आणि थांबला. पावसाळ्यात फुगलेली लाकडी खिडकी मामीने जोर लावून बंद केली होती. फायबर चौकटीत दाबली जाऊन काटकोनात वाकली होती. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा, आतून प्रकाश जातो. जास्त मुरडला की थोडा प्रकाश बाहेर सांडतो. वायर तुटत नाही, दिवा हिरवाच राहतो, पण पलीकडे सिग्नल इतका मंद पोचतो की मधूनच एखादं पाकीट वाचताच येत नाही.

‘‘ताई, एवढंसं होतं,’’ त्याने अर्ध्या तासात नवा तुकडा जोडून दिला आणि मामीने केलेला चहा घेऊन गेला.

त्या रात्री दहा हजार पाकिटांमागे एक गायब. हरवण्याचं प्रमाण शंभरावा हिस्सा, म्हणून वेग दहापट. पस्तीस एमबीपीएस. सूत्र म्हणालं साडेसात मिनिटं. फाइल गेली आठ मिनिटांत.

ताई काही बोलली नाही. लॅपटॉप मिटला आणि मामीच्या खोलीत जाऊन तिच्या गुडघ्याला तेल चोळत बसली.

रात्री नऊची रांग

इथे गोष्ट संपली असती तर सिनेमा झाला असता. पण चारच दिवसांनी रात्री नऊला पुन्हा फाइल रखडली. पाकिटं हरवत नव्हती. फेरीचा वेळच ४० वरून १२० मिलिसेकंदांवर गेला होता. फेरी तिप्पट, म्हणून वेग तिसरा हिस्सा. आठ मिनिटांची फाइल बावीस-तेवीस मिनिटांवर. का? कारण नऊला अख्खी गल्ली नेटवर. कोणी मॅच बघतंय, कोणी सिरियल.

याचंही गणित आहे आणि ते इंटरनेटपेक्षा खूप जुनं. सेवाग्राम आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. एका माणसासाठी एक लाइन! तशी चैन प्रत्येकाला कुठून परवडणार? बाकीच्यांनी लाइनी वाटून घ्यायच्या. मग किती माणसांमागे किती लाइनी पुरतील? हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने हाताळला. त्याचा पहिला निबंध १९०९ चा. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत लेनर्ड क्लाइनरॉक यांनी रांगेचं हेच गणित पाकिटांच्या जाळ्याला लावलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवर पहिला संदेश गेला, तोही त्यांच्याच प्रयोगशाळेतून. ‘लॉगिन’ टाइप करताना दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. सुरुवातच ‘अपलोड फेल्ड’ने!

रांगेचं गणित असं. वर्धा स्टेशनची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. माणसामागे सरासरी एक मिनिट. खिडकी निम्मा वेळ बिझी असेल तर रांगेसकट तुमची दोन मिनिटं जातात. ८० टक्के बिझी असेल तर पाच. ९० टक्क्यांना दहा आणि ९५ टक्क्यांना वीस! गर्दी नव्वदवरून पंच्याण्णववर गेली, जेमतेम पाच टक्के वाढली आणि थांबणं दुप्पट झालं. म्हणून ‘काल तर नीट चाललं होतं, आज काय झालं?’ असं होतं. फार काही झालेलं नसतं. चार घरं वाढलेली असतात.

प्रत्यक्षात चित्र याहून बिकट. हे गणित धरून चालतं की माणसं आपापल्या वेळी, इकडून तिकडून येतात. पण डेटा झुंडीने येतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीच्या नेटवर्कवरच्या मोजणीने दाखवलं, की सेकंदाचा आलेख बघा नाहीतर तासाचा, चढउतार तसेच उरतात, सरासरीत विरून जात नाहीत. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात गाड्या कशा येतात, एकेक नाही, रांगाच्या रांगा. तसंच.

व्हॅन जेकबसन यांचं नाव इथे पुन्हा येतं. १९८८ च्या त्या नियमानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, गूगलच्या ज्या टीमने ‘बीबीआर’ नावाची नवी पद्धत आणली, तिच्यात तेही होते. ही पद्धत एखादं पाकीट हरवलं म्हणून घाबरून निम्म्यावर येत नाही. रस्त्यातली सर्वांत अरुंद जागा किती रुंद आहे आणि मोकळ्या रस्त्याने फेरीला किती वेळ लागतो, हे सतत मोजत राहते आणि त्या हिशेबाने पाकिटं सोडते. म्हणजे गणिताचं मॉडेल आता वहीत राहिलं नाही, पाठवणाऱ्या मशीनच्या आतच जाऊन बसलंय. ताईच्या लॅपटॉपवर ते नव्हतं, हा भाग वेगळा.

गल्लीच्या रांगेवर ताईकडे इलाज नव्हता. रांगेत सूत्र चालतं, वशिला चालत नाही! मग तिने काय केलं? मोठी फाइल सकाळी सहाला पाठवायला लागली. दूधवाला येतो, मामी चहा टाकते आणि फाइल आठ मिनिटांत पुण्याला. मॅनेजरला तिने महिनाभराचा तक्ता पाठवला : तारीख, वेळ, फेरी, हरवलेली पाकिटं, लागलेली मिनिटं. त्याचं उत्तर आलं, ‘ओके. कंटिन्यू.’ दोन शब्द. पण त्या दोन शब्दांवर एक घर उभं आहे.

चौकट : घरच्या घरी करून बघा

• मोजणी करताना वाय-फाय नको. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा. वायरवर सगळं ठीक आणि वाय-फायवर गोंधळ असेल तर राउटरची जागा बदला.

• आधी घरच्या राउटरला, मग कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, मग ऑफिसच्या सर्व्हरला पिंग करा. प्रत्येकी हजार पिंग, सतरा मिनिटांचं काम. काही मशीन्स पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्यामुळे मधल्याच एखाद्या टप्प्यावर लॉस दिसला आणि पुढे दिसला नाही, तर काळजी नको. लॉस शेवटपर्यंत दिसला तरच तो खरा.

• एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. हरवलेली पाकिटं दोन्ही वेळी सारखीच असतील तर वायरीवर संशय घ्या. नुसता फेरीचा वेळ रात्री फुगत असेल तर ती रांग आहे.

• तक्रारीत ‘स्लो’ हा शब्द लिहू नका, आकडे लिहा.

• आणि प्लॅन वाढवायच्या आधी हिशेब करा. दुखणं गर्दीचं आहे की हरवण्याचं, हे कळल्याशिवाय औषध नको.

ता. क.

निघायच्या दिवशी मी सेवाग्रामला जाऊन आले. त्या फोनसमोर बराच वेळ उभी राहिले. परत आले तर मामी खिडकीशी काहीतरी खटपट करत होती. मी विचारलं, ‘‘काय करून राहिलीस मामी?’’ तिने चौकटीच्या कोपऱ्यात कापडाची घडी करून ठेवली होती, खिडकी कितीही जोरात लावली तरी वायर दाबली जाऊ नये म्हणून.

‘‘हिचं पाकीट अडकायला नको,’’ मामी म्हणाली.